लागोस ते आक्रा, एक तास

बाबा आक्राला गेले ते दादासाठी.

आई गेली तेव्हा बाबा सांगलीच्या शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. मी लग्न होऊन शिकागोला आले होते आणि माझा मोठा भाऊ नायजेरियात, लागोसला, एका कापड गिरणीत इंजिनिअर होता. दादा बाबांना आपल्याकडे नेईल असं मी धरूनच चालले होते. पण त्याने गिरणीच्या क्वार्टरची काहीतरी अडचण सांगितली. मग बाबांनीच पेपरातली जाहिरात बघून अर्ज केला. घानामध्ये गणिताचे शिक्षक हवे होते. जन्मात कधी विमानात न बसलेला माणूस साठीला टेकल्यावर परक्या देशात शिकवायला निघाला. मला त्यांनी लिहिलं, 'ॲटलास काढून पाहिला. लागोस आणि आक्रा यांच्यात करंगळीच्या पेराएवढं अंतर आहे. दादाची अधूनमधून भेट होत जाईल. इथे भिंतींशी बोलून काय करू?'

मला बरं वाटलं. आपण लांब आहोत, पण दादा तिथे आहे. पुढची चार वर्षं मी या एका वाक्यावर काढली.

बाबांचं पत्र दर पंधरा दिवसांनी यायचं. निळं, पातळ, घडीचं, चारही बाजूंनी भरलेलं. त्यात शाळेतल्या मुलींच्या गमती असत, बाजारात मिळणाऱ्या कच्च्या केळ्यांची भाजी कशी केली ते असे, आणि सात-आठ महिन्यांनी एकदा असे, 'दादा येऊन गेला. दोन दिवस राहिला. तब्येत छान आहे त्याची. तुझी चौकशी करत होता.' ते वाचताना मला थोडा हेवाही वाटायचा. मी बाबांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि हा शनिवारी जाऊन सोमवारी कामावर हजर.

एकदा फोनवर मी दादाला तसं म्हणाले, तर तो हसला.

"अगं, नकाशात जवळ दिसतं ते. मध्ये दोन देश लागतात. प्रत्येक बॉर्डरवर उतरवून सामान उपसतात. जीपने दीड दिवस हाडं खिळखिळी होतात. विमान म्हणशील तर लंडनपर्यंत वर जायचं आणि परत खाली यायचं. इथून तिथे थेट असं काही नाही. ही आफ्रिका आहे बाई, अमेरिका नाही."

एवढा त्रास काढून तो बाबांकडे जातो, याचं मला कौतुक वाटलं. मी नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. राखीबरोबरच्या पत्रात त्यालाही लिहिलं.

त्र्याऐंशी साली घानात फार टंचाई झाली. साबण नाही, दूध नाही. बाबा तक्रार करणारे नव्हते, पण एका पत्रात लिहून गेले की चष्म्याची एक काच तडकली आहे आणि नवी मिळत नाही. मी त्यांच्याकडून नंबर मागवून घेतला, इथे चष्मा करवून घेतला आणि त्याबरोबर साबणाच्या वड्या आणि दूध पावडरचे डबे अशी एक बॅग भरली. टपालाची खात्री नव्हती. ओळखीचे एक काका कंपनीच्या कामाने लागोसला जात होते, त्यांच्याबरोबर ती बॅग दादाकडे पाठवली. महिन्याभराने दादाचा फोन आला, "दिली गं बॅग. चष्मा घालून लगेच पेपर तपासायला बसले." पाठोपाठ बाबांचं पत्र आलं, 'चष्मा छान बसला. तू नंबर अगदी बरोबर करून घेतलास.'

त्याच वर्षी आम्ही महिनाभर भारतात गेलो होतो. जाताना वाट वाकडी करून आक्राला जावं असं माझ्या मनात होतं. बाबांनी लिहिलं, 'एवढा खटाटोप कशाला? दादा आहे ना इथे.' मी गेले नाही.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत शाळेची तार आली. बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत, लगेच या. मला तेव्हा सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. सकाळपासून ऑपरेटरच्या मागे लागून दुपारी लागोसची लाइन मिळाली.

"दादा, बाबांची तार आली."

"मलाही आली. मी निघतोच आहे."

"कधी पोचशील?"

"बॉर्डर तर बंदच आहे सध्या. लंडनवरून जावं लागणार. तीन दिवस धर."

"मी येऊ का रे?"

"वेडी आहेस का? या अवस्थेत? मी आहे ना."

बॉर्डर खरोखरच बंद होती, ते मी पेपरात वाचलं होतं. त्यामुळे लंडनचंही मला खरं वाटलं.

सहाव्या दिवशी त्याचा फोन आला. तो रडत होता. म्हणाला, "मी पोचलो तेव्हा शुद्धीवर होते. मला ओळखलं. तुझं नाव घेतलं दोनदा. माझ्या हातून पाणी प्यायले आणि डोळे मिटले. समुद्रकिनारी अग्नी दिला. तू काळजी करू नकोस, सगळं रीतसर केलं."

मी फोन धरून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. माझं रडं थांबेना, पण त्या रडण्याला एक आधार होता. बाबा एकटे नव्हते. तेराव्या दिवशी इथली चार मराठी घरं आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा प्रत्येक जण मला हेच म्हणाला, मुलगा जवळ होता, भाग्यवान माणूस. मीही तेच म्हणत होते. दोन महिन्यांनी मला मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन मी कितीदा तरी ते पाणी पिणं डोळ्यांसमोर आणलं होतं.

मुलगी वर्षाची झाल्यावर मी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत अर्धा दिवस काम करू लागले. साडीच्या दुकानावरचा जिना चढून गेलं की दोन टेबलं, तीन फोन आणि काका. काका म्हणजे आमचे मालक, हैदराबादचे वयस्कर गृहस्थ. त्यांची पहिल्या दिवसाची शिकवण एवढीच होती, "पहले किताब देखो, फिर मुँह खोलो." किताब म्हणजे जगातल्या सगळ्या विमानांच्या वेळा छापलेलं, उशीएवढं जाड पुस्तक. ते दर महिन्याला नवीन यायचं.

मेमध्ये एक उंच, हसतमुख माणूस आला. तो टॅक्सी चालवायचा. त्याला आधी लागोसला एका लग्नाला आणि तिथून आक्राला आपल्या घरी जायचं होतं. आक्रा म्हटल्यावर मला भरून आलं. पुस्तक न उघडताच मी त्याला सांगितलं, "लागोसहून तुम्हाला परत लंडनला यावं लागेल."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मोठ्याने हसला.

"लंडन कशाला, मॅडम? लागोसहून आक्रा एक तास. कोल्ड्रिंक हातात येतं आणि उतरायची वेळ होते."

मी पुस्तक उघडलं. आक्राचं पान काढलं, त्याखाली लागोसची ओळ. एक नव्हे, तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं होती. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, निघण्याची वेळ दहा, पोचण्याची वेळ दहा. मी काकांना हाक मारली. "काका, हे चुकीचं छापलंय. दहाला निघतं आणि दहालाच पोचतं."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "चूक नाही बेटी. घानाचं घड्याळ एक तास मागे असतं. विमान एक तास उडतं, घड्याळ तिथेच राहतं."

अंतरांचं वेगळं पुस्तक होतं, तेही मी काढलं. अडीचशे मैल. आम्ही डेट्रॉइटला माझ्या नणंदेकडे जायचो. तेवढंच. सकाळी नाश्ता करून गाडीने निघायचो, वाटेत मुलीचं दूध, डायपर, सगळं करत दुपारच्या चहाला पोचायचो. तिथेही घड्याळ एक तासाने बदलायचं.

टॅक्सीवाल्याचं तिकीट मी काकांना करायला सांगितलं. तो गेल्यावर मागच्या खोलीत गेले. जुने अंक तिथे रद्दीसारखे रचलेले असत. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी शोधायला वेळ लागला नाही. बॉर्डर बंद होती त्या महिन्यात, बाबा हॉस्पिटलमध्ये होते त्या आठवड्यात, लागोसहून आक्राला विमान नाही असा एकही दिवस नव्हता.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं.

"तिकीट मिळालं नसेल," तो म्हणाला.

"लंडनचं मिळालं आणि तिथल्या तिथलं नाही?"

"तू आता असं खणत बसू नकोस. शेवटी पोचला ना तो? त्याच्यासमोर गेले ना बाबा? तेवढं धर."

मी तेवढं धरायचा प्रयत्न केला. पण दोन आठवड्यांनी शाळेच्या मुख्याध्यापिकेला पत्र लिहिलं. आभाराचं पत्र होतं. वर्ष उलटून गेलं तरी आभार मानायचे राहिले होते, असं मी स्वतःला समजावलं. पत्राच्या शेवटी एक प्रश्न विचारला, माझा भाऊ नक्की कोणत्या दिवशी पोचला?

जुलैत चार ओळींचं उत्तर आलं. 'मी ऑगस्टमध्ये मिलवॉकीला माझ्या बहिणीकडे येते आहे. सरांची काही पुस्तकं माझ्याकडे आहेत, ती घेऊन येईन. तुमच्या प्रश्नाचं उत्तर समोरासमोर देणं मला योग्य वाटतं.'

मिलवॉकी आमच्या घरापासून दोन तासांवर होतं. एका शनिवारी आम्ही गेलो. बहिणीच्या घराच्या ओसरीत ती बसली होती. पन्नाशीची, भारदस्त, मोठ्या फुलांच्या कापडाचा झगा आणि डोक्याला तसंच फडकं. तिने आधी माझ्या मुलीला मांडीवर घेतलं. "सरांचं कपाळ आहे," म्हणाली. मग नवरा मुलीला घेऊन अंगणात गेला आणि आम्ही दोघीच राहिलो.

"तुमचा भाऊ आला नाही," ती म्हणाली.

"शेवटी उशीर झाला का त्याला?"

"उशीर नाही. तो आलाच नाही. मी त्याला तीन तारा केल्या. दोन सर असताना, एक गेल्यावर. हॉस्पिटलवाल्यांना विनंती करून आम्ही दोन दिवस थांबलो. मग गावातल्या एका भारतीय दुकानदाराने अग्नी दिला. फार सज्जन माणूस. सरांची आणि त्याची फक्त बाजारातली ओळख."

"बाबा शुद्धीवर होते?"

"पहिला दिवस होते. मी आणि शाळेतल्या दोन शिक्षिका आळीपाळीने बसत होतो."

पाणी कोणी पाजलं ते मला विचारवेना. मी दुसरंच विचारलं. "त्याआधी केव्हा आला होता तो? शेवटचा?"

ती जरा गोंधळली. "मला वाटलं तुम्हाला हे माहीत असेल. मी तुमच्या भावाला कधीच पाहिलं नाही. सर आम्हाला सांगायचे की त्यांची दोन्ही मुलं अमेरिकेत असतात. म्हणून तर कोणी काही विचारत नसे. एवढ्या लांबून कोण कसं येणार? ते आजारी पडल्यावर पत्ते शोधायला मी त्यांचं टेबल उघडलं, तेव्हा लागोसचा पत्ता मिळाला. मला वाटलं जुना असेल. लागोस तर आमच्या शेजारी आहे."

मी चष्म्याचं विचारलं. अमेरिकेहून पाठवलेला, काळ्या फ्रेमचा. तिने मान हलवली. तसा चष्मा तिने कधी पाहिला नव्हता. सर तडकलेल्या काचेनेच शिकवायचे, डोकं एका बाजूला कलतं करून. मुली त्यांची नक्कल करत आणि सरांनाही त्याचं हसू येई.

घरी आल्यावर मी पत्रांचा डबा काढला. 'दादा येऊन गेला' अशी सहा पत्रं निघाली. सहाही ठिकाणी जवळजवळ तीच वाक्यं. दोन दिवस राहिला, तब्येत छान आहे, तुझी चौकशी करत होता. इतर ठिकाणी बाबा केळीवाल्या बाईच्या टोपलीचासुद्धा रंग लिहायचे. दादाने काय खाल्लं, दोघं कुठे फिरले, कुठल्या गोष्टीवरून वाद झाला, यातलं एक अक्षर नव्हतं. माझ्या हे एकदाही लक्षात आलं नव्हतं. मला दादाचा राग होताच. त्या दिवशी बाबांचाही आला, आणि तो जास्त लागला. मला त्यांनी दादा आपल्याकडे येऊन जातो म्हणून सांगितलं, तिथल्या लोकांना तो अमेरिकेत आहे म्हणून सांगितलं. दोन्हीकडे लेकाची अब्रू राखली. मला खरं कळलं असतं तर त्र्याऐंशी साली मी गेले असते. मुंबईचं विमान सोडून गेले असते. पण मला विचारलं कोणी?

दिवाळीच्या सुमारास दादा आला. गिरणीसाठी नवी यंत्रं घ्यायची होती, त्यांच्या ट्रेनिंगला कंपनीने त्याला अमेरिकेत पाठवलं होतं. भाऊबीजेला तो आमच्याकडे असणार होता. मी फोनवर काही बोलले नाही.

तो आला, भाचीला जवळ घेतलं, मी केलेल्या चकल्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आम्ही तिघं टेबलाशीच बसलो होतो. मी म्हटलं, "दादा, बाबांचं शेवटचं सांग ना. फोनवर नीट ऐकायला नव्हतं आलं."

त्याने सांगितलं. फोनवर सांगितलं होतं तेच, पण या वेळी त्यात भर होती. खिडकीबाहेर नारळाचं झाड होतं म्हणे. बाबा म्हणाले, सांगलीला असतो तर कृष्णेच्या घाटावर नेलं असतंस. सांगता सांगता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा नवरा ताटाकडे बघत होता.

"मुख्याध्यापिकाबाई मला ऑगस्टमध्ये भेटल्या," मी म्हटलं.

त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "काय सांगितलं त्यांनी?"

"सगळं."

"मी जाणार होतो."

"चार वर्षं?"

"तुला पटणार नाही. सुरुवातीला एक तासाचं अंतर म्हणूनच राहिलं. आज काय, उद्या काय, केव्हाही जाता येईल. या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात जाऊ. असं करत वर्ष गेलं. मग बाबांना काय तोंड दाखवू असं झालं. ते कधी रागावले नाहीत. एका शब्दाने नाही. उलट तुझ्या पत्रात आपण 'दादा येऊन गेला' असं लिहितो, हे मला कळवलं, म्हणजे आपलं दोघांचं एकच राहील. मग तर मला जाणं आणखीच अवघड झालं."

"आणि तार आल्यावर?"

"तिकीट काढलं होतं. एअरपोर्टवर गेलो होतो. तिथूनच परत फिरलो. आक्राला सगळे मला विचारणार, तू कोण, इतकी वर्षं कुठे होतास. तू लांब होतीस. तुला कोणी काही विचारणार नव्हतं."

"मला का खोटं सांगितलंस? पाणी प्यायले म्हणून?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"चष्मा कुठे आहे?"

त्याला आठवायला वेळ लागला. "असेल. कपाटात असेल कुठेतरी."

हे ऐकल्यावर मी उठले. तोपर्यंत मी रडेन असं मला वाटत होतं, पण रडू आलं नाही. मी भांडी घासायला घेतली. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. नवऱ्याने सकाळी हळूच विचारलं, ताट करायचं का? मी नाही म्हटलं. दादा आंघोळ करून, नवा शर्ट घालून दिवाणखान्यात येऊन बसला होता. अकरापर्यंत बसला. मग त्याने स्वतःच टॅक्सी बोलावली.

त्यानंतर मी त्या दुकानदाराला पत्र लिहिलं. त्याचं हिंदीत उत्तर आलं, मोडक्या अक्षरात. आपल्या माणसाचं कोणीतरी करायलाच हवं होतं, मी केलं, आभार मानू नका. अस्थी समुद्रात सोडल्या होत्या. पाणी शांत होतं. माझ्याकडे बाबांच्या शेवटाचं खरं म्हणून जे आहे ते एवढंच.

दोन-तीन वर्षांनी दादा नायजेरिया सोडून न्यू जर्सीला नोकरीला आला. आमचं बोलणं नव्हतं. पण तिथेच एडिसनला माझ्या मावसभावाने मुलाची मुंज केली आणि त्यासाठी मावशी सांगलीहून आली होती. आईची धाकटी बहीण. तिला भेटायला मला जावंच लागलं. हॉलमध्ये जेवणाची पंगत होती आणि दादा समोरच्या बाजूला बसला होता. मावशी जिलब्या वाढत आली. माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही दोघं असे दोन टोकांना का बसता गं? दादाने तुझ्या बाबांचं शेवटपर्यंत केलं. त्याच्या हातचं पाणी पिऊन गेले ते. असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

म्हणजे ते पाणी सांगलीपर्यंत पोचलं होतं. आणि माझ्या घरातल्या त्या दुपारनंतरही त्याने ते मागे घेतलं नव्हतं.

"मावशी, दादा तिथे नव्हता," मी म्हटलं. "तो गेलाच नाही."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्याने आता तरी मान डोलवावी, एवढंच मला हवं होतं.

तो मावशीकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे मावशी. तिला येता आलं नाही ना तेव्हा. अजून त्रास होतो तिला."

मावशीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "होतं गं असं, लांब असलं की," म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढली.